पाऊस साडेआठलाच मोजायचा

पाऊस सकाळी साडेआठलाच मोजायचा. आठला जाग आली म्हणून आठला नाही, आणि बाहेर धो धो कोसळतोय, जरा ओसरू दे, म्हणून नऊलाही नाही. तू आता जंगलातल्या संशोधन केंद्रावर रुजू होते आहेस, तेव्हा हे पहिलं सांगतो.

साडेआठच का, असं तू विचारशीलच. जगभरची हवामान केंद्रं ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळांना एकदम निरीक्षणं घेतात. त्यातली पहाटे तीनची वेळ म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेआठ. आपलं हवामान खातं पाऊस साडेआठ ते साडेआठ असा धरतं आणि ज्या सकाळी तो मोजला त्या तारखेला लिहितं. म्हणजे पाच जुलैच्या रकान्यातला बराचसा पाऊस चार जुलैला पडलेला असतो. केंद्रावर हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि नेमकं म्हणूनच कोणी ते लिहून ठेवत नाही. पुढे एखाद्या वर्षी ओढ्याची पातळी मोजणारं स्वयंचलित यंत्र बसतं. त्याचा दिवस मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी जातात आणि लांबच्या विद्यापीठातला एखादा हुशार मुलगा शोध लावतो, की या जंगलात आधी पूर येतो आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडतो. त्या मुलाला हसू नये. चूक त्याची नसते, न लिहिणाऱ्याची असते.

मोजपात्राचंही तसंच. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. १०० चौरस सेंटीमीटरचं असेल तर १० मिलिलिटर. दोन्हींची मोजपात्रं वेगळी असतात, दिसायला मात्र सारखीच. एक फुटलं म्हणून कपाटातलं दुसरं काढलं, की त्या दिवसापासून पाऊस दुप्पट तरी होतो नाही तर निम्मा तरी. नवं मोजपात्र आलं की आधी मापकाच्या तोंडाचा व्यास मोज, क्षेत्रफळ काढ आणि मगच ते वापरायला घे. आतली बाटली चार लिटरची असेल तर २०० चौरस सेंटीमीटरच्या मापकात ती २०० मिलिमीटरला भरते. सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैत एका दिवसात तेवढा पाऊस हा काही नवलाचा नाही. अशा दिवसांत संध्याकाळीही एकदा मोज आणि बेरीज लिही. बाटली ओसंडलीच, तर ‘ओसंडली, २०० हून जास्त’ असं स्पष्ट लिही. ‘२००’ एवढंच लिहिलंस तर तो आकडा खोटा होतो, आणि खोटेपणा कोणाच्या लक्षातही येत नाही.

रविवारी कोणी गेलं नाही, तर सोमवारी मिळालेला पाऊस दोन दिवसांवर निम्मा निम्मा वाटायचा नाही. रविवारी ‘मोजला नाही’ आणि सोमवारी ‘दोन दिवसांचा मिळून’ असं लिहायचं. शून्य म्हणजे गेलो, पाहिलं, पाऊस नव्हता. रिकामा रकाना म्हणजे काहीच नाही, म्हणून रिकामा रकाना सोडायचाच नाही. तळाशी नुसती ओल असेल, ०.१ मिलिमीटरही भरत नसेल, तर त्यालाही ‘नाममात्र’ असा शेरा आहे, तो लिहायचा. नीटनेटका तक्ता पाहून साहेब खूष होतात हे खरं. पण ज्या वहीत पंधरा वर्षांत एकदाही ‘मोजला नाही’ असं लिहिलेलं नाही, त्या वहीवर माझा विश्वास बसत नाही.

आता झाडं. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात आणि ते सगळ्यात उशिरा कळतात.

‘छातीच्या उंचीवर घेर मोजला’ एवढं लिहून भागत नाही. आपल्या वनखात्यात छातीची उंची म्हणजे १.३७ मीटर, जुन्या साडेचार फुटांवरून आलेली. जगातल्या बहुतेक मोठ्या वनगणनांमध्ये ती १.३० मीटर धरतात. सात सेंटीमीटरचा फरक अंजनीच्या सरळ खोडाला फार नसेल, पण बुंध्याशी फुगलेल्या झाडाला पुष्कळ असतो. शिवाय घेर की व्यास? टेपच्या एका बाजूला सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला व्यासाचं माप, असे टेप असतात. पावसात, जळवा झटकत, चुकीची बाजू वाचली की झाड तिपटीहून जाड किंवा तिपटीहून बारीक होतं. घेर घेतला की व्यास, हे वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं पुरत नाही. दर पानाच्या डोक्यावर लिही.

उंचीच्या ठिकाणी खोडाभोवती रंगाचा पट्टा ओढायचा. पुढच्या वेळी माप त्या पट्ट्यावरच. तिथे गाठ असेल, वेल चिकटला असेल, आधारमुळं वर चढली असतील, तर वरची चांगली जागा निवडायची आणि जमिनीपासून ती किती उंच आहे ते लिहायचं. नंबराच्या पत्र्याचा खिळा पट्ट्याजवळ कधीच ठोकू नये. खिळ्याभोवती साल फुगते आणि मग आपण झाड मोजतो की त्याची जखम, हे कळत नाही. खिळा पूर्ण ठोकायचा नाही, झाडाला वाढायला जागा ठेवायची. मेलेल्या झाडाचा नंबर दुसऱ्याला देऊ नये. नंबर स्वस्त असतात.

मागच्या वेळचा आकडा पाहून आत्ताचं माप घ्यायचं नाही. डोळा फसतो, हात टेप जरा ओढतो आणि झाड अपेक्षेइतकंच वाढलेलं निघतं. आधी मोज, मोठ्याने सांग, लिहिणाऱ्याने लिहावं, आणि मग त्याने मागचा आकडा पाहावा. फार तफावत असेल तर तिथेच उभं राहून पुन्हा मोजायचं. तरीही झाड बारीक झालेलं दिसलं, तर तसंच लिहायचं. पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात साल आणि खोड पाण्याअभावी खरोखर आकसतं. एकदा मेमध्ये आणि पुढच्या वेळी ऑक्टोबरमध्ये मोजलंस, तर तू वाढ मोजत नसतेस, ओल मोजत असतेस. म्हणून मोजणीचा महिना बदलू नये.

पद्धत बदलावीच लागली तर काय करायचं, याचं एक उदाहरण लक्षात ठेव. पनामातल्या बॅरो कोलोराडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी ५० हेक्टर जंगल आखून घेतलं. सेंटीमीटरभर जाडीपासूनचं प्रत्येक खोड मोजलं, दोन लाखांहून जास्त. पहिली गणना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि १९८५ पासून दर पाच वर्षांनी. पहिल्या दोन गणनांत ५५ मिलिमीटरहून बारीक खोडांची मापं पाच-पाच मिलिमीटरच्या टप्प्यांत, खालच्या आकड्याला धरून लिहिली होती. पुढे एकेक मिलिमीटर मोजायला लागले. आता १९८५ चं ५० आणि १९९० चं ५४ यांची वजाबाकी केली तर चार मिलिमीटर वाढ दिसते, पण त्यातली खरी किती आणि लिहिण्यातली किती? त्या लोकांनी ही गोष्ट लपवली नाही, माहितीसोबतच छापली. म्हणून आज कोणीही १९९० चे आकडे तसेच खाली उतरवून न्याय्य तुलना करू शकतो. सातबाऱ्यावर नाव बदललं की फेरफाराचा क्रमांक पडतो आणि जुनं नाव कंसात राहतं. केंद्राच्या नोंदींचाही असा फेरफार असावा. यंत्र बदललं, माणूस बदलला, मापकाजवळचं झाड पडून आभाळ मोकळं झालं, कुंपण सरकवलं, सगळं तारखेनिशी एका वेगळ्या वहीत लिहायचं. पावसाची वही हरवली तर एका केंद्राचा पाऊस जातो. ही वही हरवली तर सगळंच संशयास्पद होतं.

नवं यंत्र आलं की जुनं लगेच काढू नकोस. निदान दोन पावसाळे दोन्ही शेजारी चालू दे. डुगडुगत्या वाटीचे स्वयंचलित मापक जोराच्या सरीत कमी पाऊस दाखवतात. किती कमी, ते शेजारी जुना मापक असल्याशिवाय कळणार नाही. सेन्सर, बॅटरी, सिलिका जेल, बुरशी याबद्दल तुझी पिढी माझ्याहून जास्त जाणते, त्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की यंत्राचं घड्याळ आपल्या वेळेवर आहे की ग्रिनिचच्या, ते पहिल्याच दिवशी तपास.

वनस्पतींची नावं बदलतात. खैर पूर्वी अकेशिया होता, आता सेनेगॅलिया झाला. ऐनाला टर्मिनॅलिया टोमेंटोसा, क्रेन्युलाटा, एलिप्टिका अशी नावं वेगवेगळ्या पुस्तकांत सापडतात. वहीत आज जे नाव लिहिलंस ते पुढे कधी खोडू नकोस. नवं नाव शेजारच्या रकान्यात लिही. आणि शंका असेल त्या झाडाची फुला-फळांसह डहाळी वाळवून, नमुना करून, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या ठिकाणी पोचव. नाव चुकलं तरी नमुना चुकत नाही.

नमुन्यांवरून आठवलं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे. तिथे १९६३ पासून पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी तपासायला सुरुवात झाली. जीन लायकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी त्यात होते. आम्लपर्जन्य शोधायला म्हणून ते गेलेच नव्हते. जंगलातून क्षार किती येतात, किती वाहून जातात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पाऊस नको तितका आंबट निघाला. मग एकच सवय कामाला आली, आठवड्यामागून आठवडे तेच पाणी त्याच रीतीने मोजण्याची. चार-पाच वर्षांचा कुठलाही तुकडा उचलला तर आम्लता कधी चढताना दिसते, कधी उतरताना. अनेक वर्षं सलग मांडली तेव्हाच कल दिसला. १९९० साली अमेरिकेने हवाप्रदूषणाचा कायदा कडक केला, त्यामागच्या पुराव्यांत हे आकडे होते, आणि कायद्याचा उपयोग झाला की नाही हेही त्याच ओढ्यांनी सांगितलं. तिथे जुन्या पाण्याचे, मातीचे, पाल्याचे नमुनेही जपून ठेवले आहेत. जो प्रश्न आज कोणाला सुचलेला नाही, त्याचं उत्तर उद्या त्या बाटल्यांत सापडू शकतं. आपल्याकडे जागा नाही म्हणून नमुने फेकून देतात. कपाटं मिळत नसतील तर कपाटांसाठी भांड, पण बाटल्या फेकू देऊ नकोस.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, लांब जायला नको. पुण्याच्या माधव गाडगीळांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली परिस्थितिकीचं केंद्र उभं केलं. त्याच केंद्राच्या रमण सुकुमार यांनी १९८८ मध्ये निलगिरीच्या पायथ्याला, मुदुमलईत, ५० हेक्टरांचा चौकोन आखला. दर चार वर्षांनी पूर्ण गणना आणि दर वर्षी मेलेली व नवी झाडं. जास्वंदीच्या कुळातलं कीडिया नावाचं झाड तिथे हत्तींनी इतकं खाल्लं, की काही वर्षांत त्याची संख्या झपाट्याने घसरली. आपली मुरुडशेंग वणव्यांनी घटली. एकदाच मोजून आलेल्या माणसाला हत्ती आणि वणवा वेगळे काढता आले नसते. त्याने नुसतं ‘जंगल विरळ’ असं लिहिलं असतं.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित बाजू, माहिती वाटण्याची. आकडे कपाटात ठेवले की सुरक्षित राहतात, हा आपल्याकडचा जुना समज. उलट असतं. वाळवी लागते, पेन ड्राइव्ह बिघडतो, माणूस निवृत्त होतो, घर बदलतं. टिमोथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ माहिती मागून पाहिली आणि २०१४ साली निष्कर्ष छापला. निबंध जितका जुना तितकी त्याची माहिती अजून हाती असण्याची शक्यता कमी, आणि ती दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटत जाते. हे पैसे घेऊन, मेहनत करून, छापून आलेल्या कामाबद्दल आहे. न छापलेल्याचं काय होत असेल, ते तूच समज.

‘आधी माझा निबंध येऊ दे, मग देतो’ असं म्हणणाऱ्यांना मी चुकीचं म्हणत नाही. ज्याने जळवा झेलल्या त्याला पहिला घास मिळायलाच हवा. पण त्याला मुदत हवी. एक वर्ष, दोन वर्षं, जे ठरेल ते कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनिशी. मुदत नसलेलं ‘नंतर देतो’ म्हणजे नाही, असंच मी धरतो. बॅरो कोलोराडोची गणना २०१९ साली कोणालाही वापरता येईल अशी खुली झाली, आणि त्या बेटावर पाऊल न ठेवलेली माणसंही त्यावर काम करू शकतात. आपल्याकडेही सरकारी पैशातून गोळा झालेली, संवेदनशील नसलेली माहिती लोकांना मिळावी, असं २०१२ चं राष्ट्रीय धोरण सांगतं. साहेब कुरकुरले तर ते धोरण दाखव.

माहिती ठेवायची ती कायमचा डीओआय क्रमांक देणाऱ्या भांडारात, कोणाच्या खासगी संकेतस्थळावर नाही. तारीख ‘२०२४-०७-०५’ अशीच लिही. ५/७ म्हणजे पाच जुलै की सात मे, हे प्रत्येक देश आपापल्या परीने ठरवतो. रंगवलेले रकाने, एकमेकांत मिसळलेली घरं, टिपणं टाकलेले कोपरे हे सगळं एक्सेलमध्ये सुंदर दिसतं आणि दुसऱ्या संगणकावर नाहीसं होतं. साध्या अक्षरांची सीएसव्ही फाइल ठेव, आणि शेजारी एक साधा मजकूर, प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि ‘मोजला नाही’साठी वापरलेली खूण सांगणारा. तो मजकूर जंगल न पाहिलेल्या मैत्रिणीला वाचायला दे. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यात घाल.

सगळंच मात्र वाटायचं नसतं, हेही लक्षात ठेव. सह्याद्रीत नरक्याची झाडं कर्करोगाच्या औषधासाठी चोरून तोडली जातात. त्यांचे अचूक अक्षांश-रेखांश जाहीर केलेस, तर तोडणाऱ्याचं काम तूच केलंस. घुबडाची ढोली, गिधाडाचं घरटं, दुर्मीळ आमरी, सगळ्यांचं तसंच. अशा ठिकाणी तालुका सांगावा, झाड सांगू नये. अचूक जागा कोणाला आणि कशी द्यायची, याचा नियम मात्र उघड असावा. नाही तर संवेदनशीलतेच्या नावाखाली पावसाचे आकडेही कुलूपबंद होतात, हे मी पाहिलंय.

आणि एक. नंबराचे पत्रे ठोकणारे, रोज साडेआठला भिजत जाणारे, झाडाच्या सालीला नख लावून नुसत्या वासाने ते ओळखणारे लोक गावातले असतात. निबंधाच्या शेवटी ‘स्थानिक साहाय्यकांचे आभार’ ही एक ओळ त्यांच्या वाट्याला येते. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, माहितीच्या भांडारात त्यांची नावं लिही. जैवविविधता कायद्यानुसार गावाची समिती असेल, तर दर वर्षी तिच्यापुढे जाऊन यंदा पाऊस किती झाला, कुठलं झाड उशिरा फुललं, ते मराठीत सांग. गावाला जे उपयोगी आहे ते इंग्रजी नियतकालिकात छापून आलं म्हणजे गावाला पोचलं, असं होत नाही.

ओरेगॉनमधल्या अँड्र्यूज जंगलात मार्क हार्मन यांनी १९८५ मध्ये ओंडके मांडून ठेवले, ते कसे कुजतात हे पाहायला. प्रयोगाची मुदत २०० वर्षं. तो पुरा पाहणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून पुढच्याने काय करायचं ते लिहून ठेवावंच लागलं. तुझ्या केंद्राचं काम एवढं लांब नसेल, पण तुझी बदली पाच वर्षांत होईल असं समजूनच लिहीत जा.

जून लागायच्या आत एवढं कर. माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढ, प्रत्येक पानाचा फोटो घे, फेरफाराच्या वहीचं पहिलं पान लिही, आणि सगळ्याची एक प्रत केंद्राबाहेर पाठव. बाकीचं पावसाळ्यात जमेल तसं.